दाते, आस आणि वंगण

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातील शेतीला पाणी देण्याच्या रीतींची नोंद करून ठेवली आहे. आग्रा आणि बयाना या बाजूला त्याला मोट दिसली. बैल पुढे जातो, मोट वर येते, एक माणूस ती रिकामी करतो, बैल मागे वळतो. आणि दर खेपेला नाडा शेणामुतातून लोळून पुन्हा विहिरीत उतरतो, हे त्याला मुळीच रुचले नव्हते. लाहोर व दीपालपूर या भागांत मात्र रहाट होता. दोराच्या दोन वेढ्यांमध्ये लाकडी पट्ट्या बसवून त्यांना मडकी बांधलेली. ही माळ विहिरीवरच्या चाकावरून खाली सोडलेली. त्या चाकाच्या आसाच्या टोकाला आणखी एक चाक, आणि त्याला लागून उभ्या आसावर तिसरे. हे तिसरे चाक बैल फिरवतो, त्याचे दाते दुसऱ्याच्या दात्यांत अडकतात आणि मडक्यांची माळ चालू लागते. स्वाऱ्यांच्या धामधुमीत असलेल्या एका राजाने कोणते दाते कशात अडकतात हे इतक्या बारकाईने पाहावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

‘रहाटगाडगे’ हा शब्द आपण संसाराविषयी बोलताना इतक्या सहजपणे वापरतो की त्यामागचे यंत्र डोळ्यांपुढे येतच नाही. ते यंत्र एका अडचणीवरचा उपाय आहे. बैल जमिनीवर गोल चालू शकतो. मडक्यांना मात्र वर आणि खाली जायचे असते. आडव्या फिरण्याचे उभ्या फिरण्यात रूपांतर करायचे, तर दोन दातेरी चाके एकमेकांशी काटकोनात बसवावी लागतात. शिवाय बैल थांबला तर भरलेल्या मडक्यांच्या वजनाने सारी माळ उलटी धावू लागेल आणि बैलाला मागे खेचील. म्हणून दात्यांवर टेकलेला एक लाकडी अडसर ठेवतात. चाक पुढे जाताना तो एकेका दात्यावरून टिकटिक करीत घसरतो, मागे जाऊ लागताच दात्याला अडतो. पंजाबात या अडसराला ‘कुत्ता’ म्हणतात. राखणदारी करणारा म्हणून हे नाव पडले असावे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, बैलाच्या चाकाला ४८ दाते आहेत आणि मडक्यांच्या आसावरील चाकाला २४. बैलाचा एक फेरा झाला की ४८ दाते पुढे सरकले. दुसऱ्या चाकाचेही तितकेच दाते सरकले पाहिजेत, म्हणजे त्याचे दोन फेरे झाले. पाणी दुप्पट वेगाने येईल. परंतु त्या आसावर फिरवण्याचा जो जोर मिळतो तो निम्माच असतो, आणि विहीर खोल असेल तर बैल पाय रोवून उभा राहील. उलट २४ आणि ४८ अशी योजना केली तर बैलाला काम हलके वाटेल, पण पाणी निम्म्या वेगाने येईल. दाते शक्ती निर्माण करीत नाहीत. वेग देऊन जोर घ्यावा किंवा जोर देऊन वेग घ्यावा, एवढाच व्यवहार त्यांना ठाऊक आहे. आणि या व्यवहारात दर वेळी काही भाग घर्षणाच्या रूपाने दलाली म्हणून कापला जातो. म्हणून यंत्र रचणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हे कोण फिरवणार आहे, किती वेळ, आणि त्याची शक्ती वाटेत कोठे गळणार आहे?

हा व्यवहार कागदावर समजतो त्यापेक्षा हातांनी लवकर समजतो. जाड पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि डिंक एवढ्या साहित्यावर रहाटाची दोन चाके तयार होतात. एका पुठ्ठ्यावर १२ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे, दुसऱ्यावर ६ सेंटिमीटरचे. कंपासाचे अंतर न बदलता परिघावर खुणा करीत गेल्यास वर्तुळाचे बरोबर सहा भाग पडतात. त्यांचे दोनदा अर्धे केले की २४ भाग मिळतात, एकदाच केले की १२. मोठ्या चाकाला २४ काड्या आणि लहान चाकाला १२ काड्या लावल्या की दोन्हींतील काड्यांमधले परिघावरचे अंतर सारखेच येते, सुमारे ३.१ सेंटिमीटर. हे अंतर सारखे नसेल तर चाके कितीही सुबक असोत, ती एकमेकांत बसणार नाहीत. एका चाकाच्या काड्या त्याच्या सपाट बाजूवर उभ्या कराव्या, दुसऱ्याच्या त्याच्या कडेतून बाहेर काढाव्या, आणि आस काटकोनात धरावे. बहुधा पहिल्याच फेऱ्यात चाक एका ठिकाणी अडेल. त्या वेळी जोर न लावता कोणती काडी वाकडी आहे ती शोधावी. गावचा सुतारही नव्या रहाटाशी यापेक्षा वेगळे काही करीत नसे.

काड्यांची चाके फिरतात, पण जरा गचके देत फिरतात. काडी काडीला भेटते तेव्हा वेग किंचित कमी होतो, सोडताना किंचित वाढतो. बैलाच्या चालीला हे खपते. वेगाने फिरणाऱ्या यंत्राला खपत नाही. तेथे दात्याची बाजू विशिष्ट वक्राकार असावी लागते. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने ज्या वक्राचा पुरस्कार केला, तो काढणे अगदी सोपे आहे. गोल डब्याला दोरा गुंडाळावा, दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल बांधावी आणि दोरा ताठ ठेवून तो उलगडत न्यावा. पेन्सिलीची जी रेघ उमटेल, तिचा सुरुवातीचा तुकडा म्हणजेच आजच्या बहुतेक दंतचक्रांच्या दात्याची बाजू होय. या आकाराचा एक गुण हाताने काम करणाऱ्याच्या दृष्टीने अमोल आहे. दोन आसांमधील अंतर थोडे चुकले तरी वेगाचे गुणोत्तर बिघडत नाही.

भारतीय सुतारांनी मात्र एक वेगळीच युक्ती फार पूर्वी योजली होती, आणि माझ्या मते ती रहाटाहूनही अधिक बुद्धिमान आहे. कापसातून सरकी वेगळी करण्याच्या चरखीत दोन बारीक लाटा एकमेकींना चिकटून, एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात. तंतू त्यांच्या फटीतून ओढला जातो, सरकी अलीकडेच गळून पडते. लाटा जाड केल्या तर त्या सरकीलाही पकडून भरडतील, म्हणून त्या बारीकच हव्यात. परंतु इतक्या बारीक लाकडावर सरळ दाते कोरायचे तर चारपाचच बसतील, आणि ते एक तर उडी मारतील किंवा मोडतील. यावर उपाय म्हणून लाटांच्या टोकांना मळसूत्रासारखे तिरके वेढे कोरले, एकीवर उजवे आणि दुसरीवर डावे. असे वेढे एकमेकांत बसले की एक दाता सुटण्यापूर्वीच दुसरा पकडलेला असतो. भार एका जागी न पडता लांबीभर वाटला जातो. त्याची किंमतही द्यावी लागते. तिरके वेढे लाटांना लांबीच्या दिशेने विरुद्ध बाजूंना ढकलतात, म्हणून चौकट भक्कम लागते. ऊस पिळण्याच्या जुन्या लाकडी चरकांतही उभ्या लाटा अशाच एकमेकींत गुंतून फिरत. महाराष्ट्रात त्यांना नवरा-नवरी म्हणत. एकाने फिरावे आणि दुसऱ्याला उलट दिशेने फिरावे लागावे, यावरून ज्याने हे नाव दिले त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे.

दात्यांची संख्या ठरवताना जुने कारागीर आणखी एक काळजी घेत. ४० आणि २० दात्यांची जोडी असेल, तर लहान चाकाचा प्रत्येक दाता जन्मभर मोठ्या चाकाच्या त्याच त्या दोन दात्यांना भेटत राहतो. त्यांतला एखादा सदोष असला की तो आपल्या जोडीदारालाही लवकर झिजवतो. मोठ्या चाकाला एकच दाता वाढवून तो ४१ चा केला, तर तेच दोन दाते पुन्हा भेटण्यापूर्वी मोठ्या चाकाचे २० फेरे व्हावे लागतात, आणि तेवढ्यात लहान चाकाचा प्रत्येक दाता मोठ्याच्या प्रत्येक दात्याशी एकदा घासून जातो. झीज सर्वांवर सारखी पडते. युरोपातील पवनचक्क्यांचे सुतार मुद्दाम असा एक जादा दाता ठेवीत असत.

येथवर आपण दात्यांविषयी बोललो. परंतु नवखा कारागीर जेथे हमखास फसतो ती जागा दात्यांत नसून आसात आहे. दोन चाके सुरेख कापावी आणि खिळ्याभोवती कशीबशी फिरवावी, म्हणजे सगळी मेहनत खिळ्यापाशीच संपते.

बैलगाडीचे चाक पाहा. चाकाचा व्यास ६० इंच आहे आणि आसाची जाडी २ इंच, असे धरू. गाडीवर ६०० किलो भार आहे. आसाला वंगण असेल तर घर्षणाचा अडथळा भाराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका, म्हणजे सुमारे ९० किलो धरण्यास हरकत नाही. हा अडथळा मोठा वाटतो. पण तो आसाच्या पृष्ठभागावर आहे, आणि बैल ओढतात ते चाकाच्या कडेच्या मापाने. चाक आसाच्या ३० पट मोठे असल्याने बैलांना या घर्षणापोटी द्यावे लागते ते ३ किलोच. (रस्त्यातील चिखल व खाचखळगे यांचा हिशेब निराळा, आणि तो बहुधा याहून मोठा असतो.) चाकाने घर्षण नाहीसे केले नाही, ते जमिनीवरून उचलून आसापाशी आणले, जेथे त्याला वंगण घालता येते आणि जेथे ते लहान त्रिज्येवर काम करते. म्हणून आस मोडणार नाही इतपत जाड आणि त्याहून जराही जास्त जाड नाही, असा असावा.

आस ज्यात फिरतो त्या आधाराला पारिभाषिक मराठीत ‘धारवा’ असा शब्द आहे. कारखान्यात मात्र सगळे ‘बेअरिंग’च म्हणतात, आणि आपणही तेच म्हणू. सर्वांत जुने बेअरिंग म्हणजे लाकडातले भोक आणि थोडे तेल. त्याला हिणवण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील जॉन हॅरिसन हा मूळचा सुतार. त्या काळची तेले थंडीने आणि वयाने घट्ट होत आणि घड्याळे मागे पडत. १७२० नंतरच्या दोनतीन वर्षांत ब्रॉकल्सबी पार्क येथे त्याने एक मोठे घड्याळ बसवले. त्यात त्याने लिग्नम व्हायटी नावाच्या, स्वतःच तेल बाळगणाऱ्या कठीण लाकडाचे भाग वापरले आणि बाहेरचे तेल घालण्याची गरजच काढून टाकली. पुढे समुद्रावर रेखांश काढता येईल असे घड्याळ करताना त्याने दुसरा मार्गही चोखाळला. आस भोकात घासण्याऐवजी लहान रुळांवर गडगडत ठेवला.

घासण्याऐवजी गडगडणे, हीच छर्ऱ्यांच्या बेअरिंगमागील कल्पना आहे. १८६९ साली पॅरिसमध्ये ज्यूल सुरिरे याने सायकलीसाठी तिचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत जेम्स मूर याने छर्ऱ्यांचे बेअरिंग असलेल्या सायकलीवर जिंकली. त्यानंतर या कल्पनेची जाहिरात करण्याची गरज उरली नाही. तिची परीक्षा कोणालाही घरी करता येते. सायकल उलटी ठेवून पुढचे चाक अगदी हलके सोडावे. बेअरिंग चांगले असेल तर नुसत्या व्हॉल्व्हच्या वजनाने चाक हळूहळू वळते आणि व्हॉल्व्ह तळाशी येऊन थांबतो. कोन जास्त आवळला असेल तर चाक भलतीकडेच थबकते. सैल असेल तर हाताने आडवे हलवताच खुळखुळते. या दोहोंमधील जागा सायकल दुरुस्त करणारा बोटांनी ओळखतो.

छर्ऱ्यांनी सारे प्रश्न सुटले, असे मात्र नाही. स्वीडनमध्ये गॉथेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण अभियंता देखभालीचे काम पाहत असे. शहराखालची जमीन चिकणमातीची; गिरणीची इमारत कमीअधिक खचे आणि लांबच लांब दंड एका रेषेत राहत नसत. दंड किंचित तिरका झाला की ताठर बेअरिंगमध्ये एका बाजूच्या छर्ऱ्यांवर सगळा भार येई आणि ते फुटत. १९०७ साली विंगक्विस्टने बाहेरच्या कड्याची आतील बाजू गोलाच्या तुकड्यासारखी घडवली आणि तीत छर्ऱ्यांच्या दोन ओळी ठेवल्या. आता आतले कडे दंडाबरोबर थोडे कलू शकत होते. एस.के.एफ. ही बेअरिंगची प्रसिद्ध कंपनी त्याच वर्षी या शोधावर उभी राहिली.

हे वाचून ज्याला आपल्याकडचा साधा चरखा आठवेल, त्याची नजर चांगली आहे असे मी म्हणेन. जुन्या चरख्याची चाती लोखंडी कड्यांत बसवलेली नसते. ती चामड्याच्या किंवा वळलेल्या गवताच्या तुकड्यांत अडकवलेली असते. हिंदीत यांना ‘चमरख’ म्हणतात. चाती हाताने ठोकून केलेली, थोडी वाकडी. खुंट्या डोळ्याच्या अंदाजाने रोवलेल्या. चामडे लवते आणि चातीला स्वतःची रेषा शोधू देते. विंगक्विस्टने पोलादात साधले ते येथे चामड्याने, अर्थात फार हलक्या भारासाठी, साधले होते. चामडे झिजले की कातणारी बाई स्वतःच नवा तुकडा कापून बसवी.

याच चरख्याने पुढे यंत्ररचनेचे एक अवघड कोडे घातले. १९२९ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचल्या की त्या कोणा जाणत्याने घातल्या आहेत हे लगेच कळते. चरखा खेड्यातील साध्या झोपडीत, हाताने किंवा पायाने चालावा. बाईला तो फारसे श्रम न होता सलग आठ तास चालवता यावा. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. वेळच्या वेळी दुरुस्ती केल्यास तो वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांवर जाऊ नये.

यांतील आकड्यांचा अर्थ लावून पाहू. आठ तासांत १६,००० फूट म्हणजे मिनिटाला सुमारे ३३ फूट, अर्थात ४०० इंच. १६ नंबरच्या सुताला दर इंचाला साधारण १६ पीळ लागतात. म्हणजे चात्यांचे मिनिटाला ६,४०० फेरे झाले पाहिजेत. ते चार चात्यांवर वाटले तर प्रत्येकीचे १,६०० होतात. हात मिनिटाला ६० फेरे देत असेल तर वेग जवळजवळ २७ पट वाढवावा लागेल. एवढी वाढ करणे कठीण नाही. दोन टप्प्यांत पाचपाच पटींहून किंचित अधिक वाढवत नेले तरी तेथपर्यंत पोहोचता येते. कोडे आहे ते शक्तीचे. धडधाकट माणूस दिवसभर जे काम करू शकतो त्याचे मान सुमारे ७५ वॅट धरतात, आणि नुसत्या हाताने ते याहून बरेच कमी भरते. चार चात्या, त्यांचे आठ आधार, मधली चाके, दोऱ्या, प्रत्येक ठिकाणी थोडीथोडी गळती. त्यात कापसाची उडती तुसे तेलात बसतात आणि वंगणाचा चिकट लगदा होतो. हे सारे आठ तास, झोपडीत, जवळपास मिस्तरी नसताना. उत्तम बेअरिंग घालावे तर किंमत वाढते, स्वस्त घालावे तर बाईचा हात दुखतो. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

प्रयत्न मात्र थांबले नाहीत. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी स्वतः पेटीत मावणाऱ्या चरख्यावर प्रयोग केले. त्यात एका मोठ्या चाकाऐवजी दोन चाके असतात. पहिले दुसऱ्याच्या लहान कप्पीला वेग देते आणि दुसरे चातीला. समजा, पहिल्या टप्प्यात ६ पट आणि दुसऱ्यात १५ पट वाढ झाली, तर हाताच्या एका फेऱ्याला चातीचे ९० फेरे होतात, आणि तेही आटोपशीर जागेत. पण चाती एकच, त्यामुळे सूत किती निघायचे त्याची मर्यादा कायम राहिली.

१९५० च्या दशकात पुढे आलेल्या अंबर चरख्याने ती ओलांडली. तामिळनाडूतील एकांबरनाथ यांनी तो रचला आणि त्यांच्याच नावावरून तो ओळखला जाऊ लागला. त्यात गिरणीच्या यंत्राप्रमाणे पेळू रुळांच्या जोड्यांतून जातो. मागची जोडी सावकाश फिरते, पुढची वेगाने. दोहोंच्या मध्ये कापूस ताणला जाऊन बारीक होतो. पुढचे रूळ आठपट वेगाने फिरत असतील तर पेळू आठपट लांब आणि तितकाच सडपातळ होतो. म्हणजे सूत किती बारीक निघावे हे आता कातणाऱ्या बोटांवर नव्हे, तर रुळांना जोडलेल्या दातेरी चाकांच्या दात्यांवर ठरू लागले. एक चाक बदलले की सुताचा नंबर बदलतो. बोटांतले कसब अशा रीतीने लोखंडात उतरले, आणि त्याबरोबर भागांची संख्या, वंगणाची निगा आणि दुरुस्तीची गरजही वाढली. चामड्याचा तुकडा घरी कापता येत असे, मोडलेला दाता घरी ओतता येत नाही.

पुढे सहा आणि आठ चात्यांचे नमुने आले, आणि अलीकडे सौरविजेवर चालणारे चरखेही निघाले आहेत. त्यांत हाताची जागा लहान मोटरीने घेतली आहे, रुळांमागची दातेरी चाके मात्र आहेतच. एखाद्या खादी केंद्रात असा चरखा पाहायला मिळाला तर तेथील व्यक्तीची परवानगी घेऊन बाजूचे झाकण उघडायला सांगावे, रुळांना जोडलेल्या प्रत्येक चाकाचे दाते वहीत मांडावेत, आणि तेथे कोणत्या नंबरचे सूत निघते ते विचारण्यापूर्वी पेळू किती पट ताणला जातो याचा हिशेब स्वतःच करून पाहावा. मग कातणाऱ्या बाईंना विचारावे, की संध्याकाळी खांदा दुखतो का.